मदत हवी आहे: गादीखालचा सेन्सर आत्यासाठी घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आत्या (वय ८३) दीड वर्षापासून वृद्धाश्रमात आहे. गेल्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. ताप नव्हताच. दोन दिवस नुसती चहात बिस्किट धरून बसायची, ते विरघळून कपात पडेपर्यंत. सगळे म्हणाले, वय झालं. तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि मग नऊ दिवस हॉस्पिटल.

डॉक्टर नंतर म्हणाले, श्वास आधीपासूनच वाढला असणार. मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २० असतो. पण रात्री मोजणार कोण? अठरा खाटा आणि एकच मावशी.

आता कळलं की गादीखाली ठेवायचा सेन्सर मिळतो. हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने अंगाला जो बारीक हादरा बसतो, त्यावरून तो नाडी आणि श्वास सतत मोजतो. अंगाला काही लावायचं नाही हे फार बरं, कारण बोटाचा ऑक्सिमीटर आत्या पाच मिनिटांत काढून उशीखाली सरकवते!

कोणी वापरलाय का? कापसाच्या जाड गादीखाली नीट चालतो? आत्याचे ठोके अनियमित आहेत (एट्रियल फिब्रिलेशन), मग नाडीचे आकडे भरवशाचे येतात का?

आणि पहाटे तीनला अलार्म वाजला तर धावायचं कोणी? संचालक म्हणतात, "बसवा खुशाल, पण अलार्म तुमच्याच मोबाइलवर येऊ द्या." तुमच्याकडे हे कसं ठरवलंत? महिन्याचं भाडं किती पडतं तेही सांगा.