ते फूल गमल्यात नाही येणार
ताई, तुम्ही विचारलंत ना की ते पांढरंफटक मोनोट्रोपा इंदूरला गमल्यात लावता येईल का, तर नाही हो, सरळ विसरा :) मी हिमालयातल्या ट्रेकचे फोटो दाखवले तेव्हा आमच्या आईनेपण हाच हट्ट धरलेला. अहो त्याच्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणजे उन्हातून अन्न बनवायची भानगडच नाही, जमिनीतली बुरशी झाडांच्या मुळांकडून साखर घेते आणि हा पठ्ठ्या त्या बुरशीकडून उकळतो, आता असं अख्खं जंगल गमल्यात कुठून आणणार? एका दांड्यावर एकच फूल, मान खाली घातलेलं, फळ धरलं की मात्र ताठ उभं. तोडलंत तर काळं पडतं. फोटोच काढा, तोही चिखलात आडवं पडून!