अनुभव धागा: रोड बाइकवर सोबत बाळगलेला पंप

मुंबईत रोड बाइक चालवणारे आपल्यापैकी बहुतेक जण वाहतूक वाढण्यापूर्वी, पहाटे निघतात. त्या वेळी पंक्चरची दुकाने उघडलेली नसतात, आणि एखादे उघडे सापडले तरी तेथील नळीचे तोंड मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हसाठी असते. आपल्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हवर ते पितळी अडॅप्टरशिवाय बसत नाही. त्यामुळे हवा भरण्याचे साधन स्वतःजवळ असणे मला अत्यावश्यक वाटते. आपण काय बाळगता, ते सायकलवर कुठे ठेवता आणि वेळ आली तेव्हा त्याने खरोखर किती हवा भरली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुवात मी करतो. माझे टायर २८ मिलिमीटरचे असून मी त्यांत ८० पीएसआयच्या आसपास हवा ठेवतो. सोबत लहान हातपंप असतो, आणि त्याच्या नळकांड्याचा व्यास पाहूनच मी तो निवडला आहे. दांड्यावर लावावा लागणारा जोर हा दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणजे २० मिलिमीटर व्यासाच्या पंपाला ८० पीएसआयवर साधारण १७ ते १८ किलोचा जोर पुरतो, तर ३० मिलिमीटरच्या पंपाला सुमारे ४० किलोचा लागतो. जाड पंप माउंटन बाइकच्या रुंद टायरसाठी उत्तम असतो, परंतु आपल्या टायरवर तो अर्ध्या वाटेतच हटतो. बारीक पंपाला फेरे पुष्कळ लागतात, तरी काम पूर्ण होते, आणि मुंबईत काम पूर्ण होणे महत्त्वाचे आहे. कमी हवेवर निघालो की पुढच्या खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपते, तिला दोन समांतर चिरा पडतात आणि जवळची एकुलती एक नवी ट्यूबही जाते.

मुलुंड: मी ऐरोली पुलावरून पाम बीच मार्गाकडे नेहमी जाते. पूर्वी माझ्याकडे वॉल्व्हवर थेट बसणारा पंप होता. त्यात प्रत्येक दाबासरशी वॉल्व्हची दांडी हलत असे, आणि एकदा पाम बीचवर ती ट्यूबच्या मुळाशी फाटली. आता पंप लवचिक नळीचा आहे. पंप हलला तरी वॉल्व्ह स्थिर राहतो. मात्र नळी आट्यांची असेल, तर ती काढताना वॉल्व्हचा गाभाही (आतला सुटा भाग) कधीकधी तिच्यासोबत फिरून सुटतो आणि भरलेली सगळी हवा निघून जाते. गाभा आधी छोट्या पान्याने घट्ट करून ठेवावा.

अंधेरी: मी सीओटूचे कार्ट्रिज, म्हणजे दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायूची छोटी धातूची डबी, वापरतो. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या कडेला, अवजड वाहने शेजारून जात असताना, कुणालाही फार वेळ उभे राहावेसे वाटत नाही. १६ ग्रॅमचे एक कार्ट्रिज माझ्या टायरला पुरते आणि काम काही सेकंदांत होते. वायू बाहेर पडताना डबी इतकी गार होते की उघड्या हाताने धरू नये. हातमोजा किंवा कापडी वेष्टण असावे. हा वायू ट्यूबच्या ब्युटाइल रबरातून साध्या हवेपेक्षा बराच लवकर झिरपतो, म्हणून घरी पोहोचल्यावर तो सोडून मोठ्या पंपाने पुन्हा हवा भरावी लागते.

बोरिवली: अंधेरीच्या सदस्यांचे म्हणणे शहरापुरते पटते. पण २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, १३ तास ३० मिनिटांची मर्यादा असते आणि वाटेत दुसरे पंक्चर होणारच नाही, अशी खात्री कोण देणार? कार्ट्रिज संपले की संपले. मी पहिल्या पंक्चरला कार्ट्रिज आणि त्यानंतर हातपंप, असा क्रम ठेवतो. दोन्ही मिळूनही वजन फारसे होत नाही.

ठाणे: माझ्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा इन्फ्लेटर आहे. मनगटाच्या जुन्या दुखापतीमुळे हातपंप मला मारवत नाही, त्यामुळे या यंत्राने मला घोडबंदर रस्त्यावर पुन्हा एकटीने जाता येऊ लागले, हे मी कृतज्ञतेने लिहिते. हवा भरताना त्याचे तोंड चांगलेच तापते. ज्यांच्याकडे टीपीयूच्या, म्हणजे उष्णतेने मऊ पडणाऱ्या प्लास्टिकच्या, हलक्या ट्यूब आहेत त्यांनी ते थेट वॉल्व्हवर लावू नये, मधे रबरी नळी जोडावी. पावसाळ्यात मी ते झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. ते पाण्यात भिजू देणे योग्य नाही, आणि निघण्यापूर्वी बॅटरी पाहिलीच पाहिजे.

चेंबूर: पेट्रोल पंपावरील हवेवर विसंबणाऱ्यांसाठी थोडेसे. अडॅप्टर माझ्याजवळ असतो, पण तिथली यंत्रे दुचाकी आणि मोटारींच्या ३०-४० पीएसआयच्या कामाची असतात. तेवढ्या हवेवर सांभाळून घर गाठता येते. अरुंद टायरवर वेगाने जाता येत नाही.

दादर: ठेवण्याच्या जागेविषयी अजून कुणी लिहिलेले नाही. बाटलीच्या पिंजऱ्याशेजारची पट्टी सोयीची खरी, परंतु पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर पंप तिथून सुटतो. वर एक रबरी पट्टा हवाच. पावसात पुढचे चाक सगळा चिखल नेमका तिथेच उडवते आणि पंपाच्या तोंडात बारीक वाळू बसते. म्हणून जूनपासून पंप जर्सीच्या मधल्या खिशात न ठेवता बाजूच्या खिशात ठेवतो, कारण पडल्यास मधल्या खिशातली कठीण वस्तू थेट मणक्यावर येते. पावसाळा संपला की पंप उघडून पुसावा आणि आतल्या रबरी रिंगला सिलिकोन ग्रीस लावावे. साधे पेट्रोलियमचे ग्रीस लावू नये. त्याने काही प्रकारचे रबर फुगते आणि दट्ट्या अडकू लागतो.