स्टेशन वॅगनच्या त्या मागच्या सीटला मराठीत काय म्हणायचं?

एक शब्द हवाय. माझं लहानपण न्यू जर्सीत गेलं. ८० च्या आसपास आमच्याकडे सेकंडहँड घेतलेली शेव्हरोले कॅप्रिस स्टेशन वॅगन होती, म्हणजे टप पार मागच्या दारापर्यंत गेलेली लांबलचक गाडी, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या वाटाव्यात असा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला आणि सगळ्यात मागे तिसरी सीट, मागच्या काचेकडे तोंड असलेली. म्हणजे गाडी चाललीय पुढे आणि आपण बघतोय मागे. दर उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या बालाजीला जायचो, देऊळ तेव्हा नवीनच झालेलं, साडेतीनशे मैल, त्यात देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा, त्यामुळे सकाळी अंधारात निघून दुपारी पोचायचं. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर लागोपाठ चार बोगदे लागतात, ब्लू माउंटन, किटॅटिनी, टस्करोरा, अ‍ॅलेघेनी. पुढच्यांना बोगदा म्हणजे एकदम अंधार, आम्हाला मात्र उजेडाचं तोंड लहान लहान होत बटणाएवढं झालेलं दिसायचं.

तिथली पोरं त्या जागेला 'वे बॅक', म्हणजे पार मागे, म्हणायची. आम्ही घरात 'डिकीत बसतो' म्हणायचो. शाळेत सुट्टीतली गोष्ट सांगताना मी त्याचं सरळ इंग्रजी करून सांगितलं की आम्हा तिघा भावंडांना बाबा ट्रंकमध्ये घालून नेतात. बाईंचा चेहरा अजून आठवतो, संध्याकाळी घरी फोन. तर 'डिकी' चूक असेल तर बरोबर काय?

*

मी रेल्वे कॉलनीतला, दौंडचा. आमच्यात वॅगन म्हणजे कोळशाची नाहीतर सिमेंटची. मोठा होईपर्यंत स्टेशन वॅगन म्हणजे यार्डात न जाता फलाटाला लागलेला मालडबा अशीच समजूत होती :)

*

दौंडकर, तुम्ही फार चुकला नव्हता. नावातलं स्टेशन रेल्वेचंच. मोटारी नवीन होत्या तेव्हा अमेरिकेत स्टेशनावर उतरलेली माणसं आणि त्यांच्या भल्याथोरल्या पेट्या हॉटेलवर किंवा गावाबाहेरच्या बंगल्यावर पोचवायला लाकडी टपाच्या गाड्या असत, त्या स्टेशन वॅगन. आधी घोड्याच्या, मग मोटारीच्या. फोर्डने १९२९ साली मॉडेल ए ची तशी गाडी स्वतः काढली, अंग खरोखरीच्या लाकडाचं. पुढे पत्रा आला तरी लाकडाचा देखावा सुटला नाही, तोच ताईंच्या कॅप्रिसवरचा कागद.

आता डिकी. ताई, तुमच्या घरचा शब्द चूक नाही, उलट सगळ्यात जुना अर्थ तुम्हीच वापरत होतात! इंग्रजीत घोडागाडीच्या मागे नोकर बसायची जी जागा असे तिला डिकी म्हणत, नंतर दोन सीटच्या मोटारींना मागे झाकण उघडून बसायची सीट असायची ती पण डिकी. म्हणजे डिकी ही मुळात बसायचीच जागा, सामान ठेवायची आपण केली. विलायतेत तिथे बूट म्हणतात, आपल्याकडे डिकीच राहिली, आता तर स्कूटरच्या सीटखालच्या खणालाही डिकी. आणि अमेरिकन ट्रंक म्हणजे खरोखरच ट्रंक, गाडीच्या मागे पट्ट्याने बांधलेली पेटी. आपल्या घरी खाटेखाली असायची पत्र्याची ती. तेव्हा बाईंना घाबरायचं कारण होतं, पण ते भाषांतरामुळे :)

*

मागे तोंड असलेली सीट सगळ्यांना नसायची हं. ओहायोत मामाकडे फोर्डची कंट्री स्क्वायर होती, तिच्यात मागे दोन छोट्या सीटा एकमेकींकडे तोंड करून, टांग्यात नाहीतर आपल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये असतात तशा. गुडघ्याला गुडघे. 'उलटी सीट' शब्द केलात तर आमचं काय?

*

इंग्लंडमध्ये याच गाडीला इस्टेट म्हणतात. पुण्यात टाटांनी १९९२ साली काढलेल्या गाडीचं नाव पण टाटा इस्टेट. आमच्या आत्याने फोनवर सांगितलं 'यांनी इस्टेट घेतली', आणि इकडे घरात दोन दिवस चर्चा, कुठे घेतली, किती गुंठे, आणि आपल्याला आधी का नाही सांगितलं.

*

सरळ प्रतिशब्द पाहिजे तर घ्या, 'स्थानवाहन'. हसू नका, स्टेशनचं मूळ आणि आपल्या 'स्था' चं मूळ एकच, आणि वॅगन व वाहन हे तर 'वह्' चे चुलत भाऊ. शब्दशः भाषांतर करायच्या आधीच झालेलं आहे. वापरणार कुणीच नाही ते वेगळं.

*

सगळे आठवणीत रंगलाय म्हणून विचारतो, त्या मागच्या सीटवर पट्टा कोण लावायचं? मागून ट्रक धडकला तर पहिली पोरंच. आमच्या काकांच्या गाडीत तर सीट पण नव्हती, गोधडी अंथरून पाच जण आडवे, वर काकांची सिगारेट. १९८४ पासून क्रायस्लरच्या मिनीव्हॅन आल्या आणि स्टेशन वॅगनी गेल्या, मला तरी वाईट नाही वाटलं. नॉस्टॅल्जियाला 'स्मरणरंजन' म्हणतात ना, त्या 'रंजन' मध्ये रंग देणं पण येतं. पत्र्यावर लाकडाचा कागद, तसंच ते.

*

कागद तर कागद, आम्हाला तो लाकूडच वाटायचा.

बाकी मुद्द्याचं बोलू. माझं मत 'पाठमोरी सीट'. 'उलटी' नको, घाट आणि उलटी हे आपल्याकडे एकत्र फार येतात. पाठमोरा मधला मोहरा म्हणजे तोंड, पुढची बाजू, 'मोहरा वळवला' म्हणतो त्यातला. पण एक गंमत आहे, पाठमोरं कोण हे बघणाऱ्यावर ठरतं. आईबाबांनी वळून बघितलं तर पोरं पाठमोरी. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र ती सामोरीच, तो हात करणार, पोरं मूठ वर-खाली करून भोंगा वाजव म्हणून खुणा करणार, आणि पुढे बाबांना कळणार नाही हा माणूस आपल्यावर का हॉर्न मारतोय.

*

धागा माझाच. अगदी अगदी! बाबा दर वेळी लेन बदलायचे बिचारे.

पाठमोरी आवडला. फोर्डवाल्यांनी 'टांगा सीट' घ्यावी, भांडण मिटलं. पट्ट्याचं म्हणणं खरंय, होते का नव्हते आठवत नाही पण आम्ही लावल्याचं नक्की आठवत नाही. अजून एक त्या सीटचं, आई पुढून ओरडायची 'बघा बघा हरणं', आणि ती आम्हाला सगळ्यात शेवटी दिसायची, पण मग ठिपका होईपर्यंत आमचीच.

काल आईला फोन करून विचारलं, तुम्ही मोठी माणसं त्या जागेला काय म्हणायचात. ती म्हणाली सीटचं काही आठवत नाही बाई, पण मागचं दार आडवं खाली पडायचं ना, त्याला मी ओटा म्हणायचे. रेस्ट एरियात गाडी लावली की दार पाडायचं, वर जुनी चादर, दशम्या, दह्याचा डबा, लसणाची चटणी, आणि हुकूम एकच, 'ओट्यावर बसून खा, आत सांडलं तर बघा'. मी म्हणलं अगं, इथे आठ दिवस आम्ही शब्द शोधतोय. तर म्हणे मग आधी विचारायचं नाही का, आणि ती चादर अजून आहे, हवी असली तर घेऊन जा.