सांगलीत नवीन जॉबवर्क सुरू केलंय, ओळखी कशा वाढवायच्या?

कुपवाड_शेड:
नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल आहे, चाकणला टूलरूममध्ये नोकरी केली, आता घरच्यांसाठी परत आलोय आणि कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं व्हीएमसी (धातू कापून पार्ट बनवणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे पार्ट करून द्यायचं काम, सुरू केलंय. कामाची भीती नाही, पण ओळखी सगळ्या पुण्याकडंच राहिल्या. शाळेतले मित्र एकतर बाहेर गेलेत नाहीतर द्राक्षबाग बघतायत. लिंक्डइनवर परचेसवाल्यांना रिक्वेस्ट टाकतोय, कुणी उत्तर देत नाही. आणि खरं सांगायचं तर नुसतं कामासाठी कुणाला फोन लावायचा म्हटलं की कसंतरीच होतं, समोरच्याला वाटणार हा गरजेपुरता आला. तुम्ही लोकांनी माणसं कशी जोडली?

मिरजेचा_फिटर:
भावा, परचेसवाल्यांच्या मागं आत्ताच लागू नकोस. आधी आजूबाजूच्या व्हीएमसीवाल्या शेडमध्येच जा. तू म्हणशील हे तर कॉम्पिटिटर, पण महिनाअखेरीला डिस्पॅचचा लोड आला की त्यांचं मशीन पुरत नाही आणि तेव्हा ते जवळचाच माणूस शोधतात. दुसरं, हीट ट्रीटमेंटवाला, टूल ग्राइंडिंगवाला, मटेरियल देणारा, ह्यांच्याकडं जरा बसत जा, कुणाचं काम कुठं अडलंय ते ह्यांना सगळ्यात आधी कळतं कारण सगळ्यांचे जॉब त्यांच्याच हाताखालून जातात. माझं पहिलं मोठं काम हीट ट्रीटमेंटवाल्यानं माझा नंबर दिला म्हणून आलं. पंपाचे पार्ट होते, मी तेल लावून पिशवीत भरले आणि प्रत्येक बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप बोअर गेजनं घेऊन, पार्टचा नंबर टाकून, एका कागदावर हातानं लिहून दिलं, कुणी मागितलं नव्हतं. त्यांच्या क्वालिटीवाल्यानं तो कागद बघितला आणि पुढच्या लॉटला स्वतः फोन केला.

विश्रामबाग_ताई:
मी कॉलेजात मॅनेजमेंट शिकवते. वर दादा म्हणतात त्यावर चांगलं संशोधन झालंय. मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा पेपर आहे, बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्यानं नोकरीची खबर दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी साधारण १७ टक्केच म्हणाले नेहमी, ५६ टक्के म्हणाले अधूनमधून आणि २८ टक्के क्वचित. कारण सरळ आहे, जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीतच असतं, नवीन खबर दुसऱ्या गोतावळ्यातून येते. २०२२ ला लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांचा अभ्यास आला, त्यातही थोड्या लांबच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या, पण अगदीच नावापुरत्या ओळखींचा तेवढा फायदा दिसला नाही. त्यामुळे अनोळखी मॅनेजरांना रिक्वेस्ट टाकत बसण्यापेक्षा चाकणचे जुने सहकारी, डिप्लोमाचे सीनियर, ज्यांच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणं नाही अशांना लिहा. आधी त्यांची विचारपूस करा, मग आपलं काय चाललंय ते. नुसतं काम असेल तर सांगा असं लिहू नका हो, त्यावर माणूस काय करणार? मशीनचा टेबल साइज, कुठलं मटेरियल चालतं, किती टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) धरता आणि एका चांगल्या पार्टचा फोटो, म्हणजे समोरच्याला तो मेसेज तसाच पुढं ढकलता येतो.

तासगावकर:
एमआयडीसीच्या बाहेर पण बघा की राव. आमच्या बेदाण्याच्या लायनीत वॉशिंग, ग्रेडिंगची मशीनं सीझनला दम खात नाहीत, एखादा शाफ्ट गेला की माल तसाच पडून राहतो आणि मालक जो भेटेल त्याच्याकडं पळतो. हळद पॉलिशवाल्यांचंही तेच.

आणि ते कसंतरी वाटण्याचं म्हणाल तर गरज नसताना माणसाच्या उपयोगी पडा, मग फोन लावताना जड जात नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या पेठेत पाणी शिरलं तेव्हा माझा टेम्पो मोकळा होता, एका व्यापाऱ्याचा माल वर काढून दिला, तोंडओळख पण नव्हती आमची. आज त्यांच्या घरच्या कार्याला आम्ही जातो आणि ते कुणालाही माझं नाव सुचवतात. तुम्हाला पूर कशाला पाहिजे, तुमच्याकडं न होणारं काम आलं तर नुसतं नाही म्हणू नका, कोण करतं त्याचा नंबर द्या आणि त्या दोघांना जोडून द्या.

कुपवाड_शेड:
सगळ्यांचे मनापासून आभार. चाकणच्या दोघातिघांना आजच लिहितो. एक विचारायचं होतं, एका बिझनेस ग्रुपची ऑफर आलीय, वर्षाची फी आहे, दर आठवड्याला सकाळी मीटिंग आणि एका धंद्यातला एकच माणूस घेतात. भरावी का फी?

मिरजेचा_फिटर:
इंटिरियर, इन्शुरन्स, केटरिंग असल्या धंद्याला त्याचा उपयोग होतो, मी बघितलंय. जॉबवर्कला मला तरी नाही पटत, कारण तुला तुझ्याच धंद्यातली माणसं पाहिजेत आणि तिथं नेमकी तीच नसणार. पाहुणा म्हणून एकदा बसून बघ, मग ठरव. त्याआधी कुपवाडच्या कृष्णा व्हॅली चेंबरमध्ये जाऊन ये, कारखानदार तिथं भेटतील.

आणि ताई म्हणाल्या तसं टेबल साइज टाक की इथं. आमच्याकडं ६०० बाय ४०० ची एक फिक्स्चर प्लेट (मशीनवर जॉब धरून ठेवणारी) करायची आहे, अर्जंट आहे, बसत असेल तर उद्या ड्रॉइंग घेऊन येतो.