मदत हवी आहे: हापूसच्या वेबसाइटसाठी कोणते कीवर्ड धरावेत?

देवगड हापूसच्या ऑनलाइन विक्रीसाठी कीवर्ड (लोक गूगलवर टाइप करतात ते शोधशब्द) ठरवायचे आहेत. नुसता 'हापूस आंबा' सोडून दिलाय. त्यावर मोठी मार्केटप्लेस आणि विकिपीडिया, नव्या साइटचा निभाव लागत नाही. 'हापूस भाव आज' शोधणारा बहुतेक वेळा बाजारसमितीचा दर बघून निघून जातो. घेणारं गिऱ्हाईक 'देवगड हापूस 5 डझन पेटी पुणे घरपोच' असं टाइप करतं. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट शोधात कशी चालते ते दाखवणारं साधन) अशा शोधांना इम्प्रेशन (निकालात साइट दिसण्याची संख्या) थोडी, पण क्लिकचं प्रमाण चांगलं.

अडतंय ते आकड्यांवर. जाहिरातीवर खर्च नसला की गूगलचा कीवर्ड प्लॅनर (शोधांची संख्या सांगणारं साधन) महिन्याला '100 ते 1 हजार' शोध एवढंच ढोबळ सांगतो, तेही 12 महिन्यांची सरासरी धरून. हापूसचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे! म्हणून गूगल ट्रेंड्सवर (शोधांचा चढउतार दाखवणारं साधन) 5 वर्षांचा आलेख लावून चढ कधी सुरू होतो ते बघतोय. याहून नेमका मार्ग आहे का?

शिवाय, शहरवार पानं करावीत का? फक्त गावाचं नाव बदललेली पानं गूगल डोअरवे (फक्त शोधात वर यायला बनवलेली पानं) समजून खाली ढकलतं. प्रत्येक पानावर पोचायचे दिवस आणि वाहतूक खर्च वेगळा दिला तर पुरेल? देवनागरी आणि रोमन शोधांसाठी एकच पान चालतं का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.