मदत हवी आहे: हळद गाजवली मी, नाव झालं साउंडवाल्याचं

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं नाशिकमध्ये डीजे म्हणून काम करतोय. आधीच सांगतो, माझ्याकडे स्पीकरची भिंत नाही. आपल्याकडे डीजे म्हटलं की टेम्पोवर रचलेले बेस-टॉप (खालचे-वरचे स्पीकर) आठवतात, गाणी लावणारा माणूस नाही. २००८ ला सुलाफेस्ट, म्हणजे इथल्या सुला वायनरीचा संगीत महोत्सव, सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. डीजे हा माणूस असतो, हे मला तिथल्या फोटोंवरून कळलं. घरी अजून कळलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "साउंडवर असतो."

आता मूळ दुखणं. मागच्या सीझनला मखमलाबादला एक हळद होती. साउंड एका ओळखीच्याचं, त्यानेच मला बोलावलेलं. संबळवाले आटोपत आले होते. त्यांचा ठेका चालू असतानाच मी त्याच लयीतला बीट हळूच आत घेतला, बेस पूर्ण कापून. संबळ थांबला आणि बेस सोडला. तोवर खुर्च्या न सोडलेल्या नवरीच्या मावशा उठल्या. त्यातल्या एकीने कौतुकाने हळदीचा हात थेट माझ्या जॉग व्हीलवर, म्हणजे गाणं पुढेमागे करायच्या चकतीवर, ठेवला (दुसऱ्या दिवशी कापसाच्या इअरबडने कोरत बसलो होतो, फटीतला पिवळेपणा अजून गेलेला नाही).

त्या चाळीस सेकंदांचा व्हिडिओ गावभर फिरला. त्यात माझे पिवळे हात दिसतात आणि टेबलापुढे साउंडवाल्याचा सहा फुटी फ्लेक्स. महिन्याभरात दोन घरांतून त्याला फोन गेले, "त्या हळदीला होता तोच पोरगा पाठवा." त्याने दोन्हीकडे दुसराच पाठवला. हे मला त्या दुसऱ्यानेच सांगितलं, बिचारा ओशाळला होता.

तर नाव करायचं कसं? 'डीजे', मग दोन इंग्रजी अक्षरं, शेवटी 'नाशिक', असे माझ्याच फोनमध्ये तिघं आहेत. 'डीजे' काढूनच टाकू का? मग लोक शोधणार काय म्हणून?

शिवाय गिऱ्हाईक दोन तऱ्हांचं. लग्नवाले विचारतात, "किती बेस, किती टॉप?" गंगापूर रोडचे कॅफेवाले म्हणतात, "लिंक टाक, फॉलोअर किती?" हळदीचे व्हिडिओ पाहून कॅफेवाला नाक मुरडतो. अकाउंट दोन करू का? आणि इन्स्टावर मिक्स टाकला की बऱ्याचदा आवाजच उडतो, त्याला काही उपाय?

टॉप_बेस:
भाऊ, मी साउंड लाइनमधलाच. दुसरा पोरगा पाठवला ते चूकच. पण फ्लेक्सवर राग धरू नकोस. सुपारी त्याची, माल त्याचा, हमालीसुद्धा त्याचीच. त्याच्या बोर्डाखाली स्वतःचा नंबर चिकटवलास तर पुढच्या सीझनला घरी बसशील. टेबलावर फक्त नाव ठेव, नंबर नको. आणि आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घे: माझं नाव घेऊन फोन आला तर मलाच पाठवायचं, मला थेट आला तर साउंड तुमचंच घेईन. दोघांचं भलं. तोंडी बोलणं लॉनच्या गेटवरच संपतं.

कानसेन_सिडको:
फोनचा माइक बेससमोर फाटतो, म्हणून व्हिडिओ फोनवर घे आणि आवाज डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्ड बटणाने मास्टरचा, म्हणजे स्पीकरला जाणारा तयार आवाज, घे. सुरुवातीला कॅमेऱ्यात दिसेल अशी एक टाळी वाजव आणि तीच माइकवरूनही जाऊ दे, नंतर दोन्ही जुळवायला सोपं. थोडा गर्दीचा आवाज खाली ठेव, नुसता मास्टर मेल्यासारखा वाटतो. पूर्ण तासाचा सेट मिक्सक्लाउड या मिक्स ऐकायच्या साइटवर टाक. तिथे गाण्यांच्या परवान्याचं ते लोक बघतात, कॅफेवाल्याला तीच लिंक दे. इन्स्टावर मात्र तुकडेच. आवाज तरीही कधीमधी उडेल, त्याला इलाज नाही.
अकाउंट एकच ठेव, दोन सांभाळणं होत नाही. आणि संबळावरून बीटवर आणणं हेच तुझं वेगळेपण आहे, ते कॅफेवाल्यापासून लपवतोस कशाला? तसं हाउस म्युझिक (क्लबमधलं नाचाचं संगीत) त्याला दहा जण वाजवून देतात.

गोदाकाठची_मावशी:
आमच्या इमारतीसमोर लॉन आहे, त्यामुळे तुमच्या जमातीवर माझा राग आहे हे आधीच सांगते. २००० सालच्या नियमानुसार उघड्यावरचे स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, ती तर कोणी बघतच नाही. पण एक मुलगा येतो, तो पावणेदहापासून आवाज उतरवत आणतो. ९:५५ ला शेवटचं गाणं लावतो आणि माइकवर तसं सांगतो. लोक कुरकुरत नाहीत, उलट त्या एका गाण्याला सगळे नाचून घेतात. भाचीच्या लग्नासाठी मी खाली उतरून लॉनच्या मॅनेजरकडून त्याचं नाव घेतलं. किती बेस ते विचारलंही नाही.

धागाकर्ता:
मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी आजवर दहाला पोलीस आले की बंद करायचो.

टॉप_बेस दादा, त्या साउंडवाल्याला आज मेसेज टाकला. निळी टिक आली, उत्तर नाही. बघू.

नावातला 'डीजे' काढतोय. आडनाव आणि खाली 'हळद, संगीत, वरात' एवढंच. शनिवारी दिंडोरी रोडला हळद आहे, टेबलासाठी छोटा बोर्ड उद्या छापायला टाकतो. रंग कोणता घेऊ ते सांगा. पिवळा सोडून.