पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, नदीकाठचा बिनगाड्यांचा सायकल रूट: कुणी केलाय का? आणि पुण्यात तयारी कुठे करायची?

निवांत_पायडल, कोथरूड
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवराबायको, पन्नाशी ओलांडलेले, दोघांकडे साध्या हायब्रीड सायकली. पौड रोडने मुळशी, जमलं तर पुढे ताम्हिणी असं फिरत असतो, पण हल्ली शनिवार-रविवारी ताम्हिणी म्हणजे जीव मुठीत धरून जायचं, वळणावर समोरून डंपर आणि मागून रील काढणारी पोरं, त्यात जंगल कधी बघणार आणि नदी कधी बघणार. सप्टेंबरअखेर लेकीकडे पिट्सबर्गला चाललोय. जावई म्हणतो तिथून थेट वॉशिंग्टनपर्यंत जंगलातून नदीच्या कडेने नुसता सायकलींचा रस्ता आहे, गाडी औषधालाही दिसत नाही. खरं आहे का? आम्हाला झेपेल का, आणि जायच्या आधी इथे कुठे सराव करावा? बायकोची अट एकच, रस्त्यात टॉयलेट पाहिजे.

पोटोमॅकचा_पाहुणा
जावईबापू बरोबर सांगतायत. दोन वेगळे ट्रेल एकमेकांना जोडलेले आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलँड ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज, साधारण २४० किमी, सगळे त्याला गॅप म्हणतात. कंबरलँडपासून पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपर्यंत सी अँड ओ कॅनॉलची वाट, ती २९७ किमी. मधे गावांतून रस्ते ओलांडावे लागतात तेवढेच, बाकी मोटार नाहीच. गॅप हा बराचसा बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलाय, त्यामुळे चढ एकदम मवाळ, वर बारीक खडी दाबून बसवलेली. त्यातला योकगेनी नदीच्या खोऱ्यातला ओहायोपाईल गावाच्या आसपासचा भाग म्हणजे खाली नदी, दोन्ही बाजूला डोंगर, आणि ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी. तुमची तारीख थोडी पुढे सरकत असेल तर सरकवा.

सी अँड ओ मात्र वेगळं प्रकरण. ती कालव्याची जुनी वाट, खेचरं नावा ओढत न्यायची ती, आता नॅशनल पार्कच्या ताब्यात आहे. पाऊस पडला की चिखल. साधे बारीक टायर नकोत, ३५ ते ४० एमएमचे घाला आणि मडगार्ड लावाच. टॉयलेटचं टेन्शन नको, दर थोड्या अंतरावर सायकलवाल्यांसाठी फुकट कॅम्पसाईट आहेत, एका जागी एकच रात्र राहायचं, तिथे टॉयलेट आणि हातपंप असतो. पंपाच्या पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, चव औषधी लागते. तंबू नको असेल तर गावांत लॉज आहेत, पण ऑक्टोबरात आधी बुक करा.

पॉपॉ नावाचा बोगदा लागेल, साधारण ९५० मीटर, आत दिवे नाहीत, वाट अरुंद आणि उंचसखल. टॉर्च लावून सायकल हातात धरून चाला, शहाणपणा करू नका.

घाटातला_गणपा, धायरी
एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. रेल्वेचा उतार म्हणजे सोपं असं समजू नका. पिट्सबर्गहून निघालात की जवळजवळ २०० किमी हळूहळू चढतच जायचंय, एकूण चढाई ५०० मीटरच्या आसपास, सिंहगडाला जवळपास तेवढी उंची आपण नऊ-दहा किलोमीटरात काढतो. आता हिशोब केला तर हसू येतं, पण सिंहगड उतरताना पाय मोकळे होतात, ताम्हिणीतही चढलं की उतार मिळतो. तिथे माथा गाठेपर्यंत नाही. तासन् तास पायडल मारतच राहायचं आणि तेही बुडाची एकच पोझिशन. घाट सहज चढणारी लोकं तिसऱ्या दिवशी सीटवर बसू शकत नाहीत. तेव्हा घाट कमी आणि सपाटीवरच्या लांब राईड जास्त करा, आणि सलग दोन-तीन दिवस करा. चांगली चड्डी आणि क्रीम यावर पैसे घाला, सायकलवर नाही घातले तरी चालेल.

दिशेचं म्हणाल तर पिट्सबर्गकडूनच निघा. माथ्यावरून कंबरलँडपर्यंत ३७-३८ किमी मस्त उतार मिळतो. कंबरलँडहून उलट निघालात तर तोच चढ पहिल्याच दिवशी.

नीराकाठ
सरावाला कॅनॉलचा रस्ता का नाही वापरत? नीरा डावा कालवा वीर धरणापासून बारामतीकडे जातो, त्याच्या कडेने बऱ्याच ठिकाणी मुरुमाची वाट आहे, सपाट, झाडी बऱ्यापैकी. जंगल नाही, ऊस आहे, पण सी अँड ओची प्रॅक्टिस याहून चांगली कुठे होणार. काही ठिकाणी वाट तुटते, मग गावातून जावं लागतं, आणि पाटबंधाऱ्याच्या माणसाने अडवलं तर हुज्जत घालू नका.

जंगल आणि खोरं हवं असेल तर भोरहून नीरा देवघरच्या पाण्याकडेने हिर्डोशी. मंगळवार-बुधवारी सकाळी लवकर निघा, रस्ता तुमचाच. पुढे वरंध घाटात पावसाळ्यात दरडी पडतात, तिकडे जाऊ नका. आणि दोन-तीन दिवस काढता आले तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तराफ्यावर सायकली टाकून पलीकडे, तापोळ्याहून महाबळेश्वर. कोयनेच्या खोऱ्याइतकं शांत आपल्याकडे फार कमी उरलंय. फक्त कासला फुलांच्या सीझनमधे जाल तर ताम्हिणी परवडली म्हणाल.

सरळ_बोलतो
हे सगळं अमेरिकेतच का ओ, आपल्याकडे शकुंतला रेल्वे बंद पडून आहे विदर्भात, तिच्या जागेवर सायकल ट्रॅक का नाही होत? सायकलींचं शहर म्हणे पुणे, आणि आमच्या इथल्या सायकल ट्रॅकवर वडापावची गाडी.

पोटोमॅकचा_पाहुणा
@सरळ_बोलतो शकुंतलेचं वेगळं आहे, तिकडच्या लोकांना रेल्वेच परत हवीये आणि ते बरोबरच आहे, गरिबाची गाडी होती ती. अमेरिकेत १९८३ला कायद्यात सोय केली की बंद झालेल्या लाईनची जागा तुकडे करून न विकता ट्रेल म्हणून सलग राखायची, पुढे रेल्वे हवी झाली तर परत घेता येते. तरी गॅपला वेळ लागलाच, ओहायोपाईलचा पहिला तुकडा १९८६ला, आणि पिट्सबर्गजवळचा शेवटचा २०१३ला. कॅनॉलची वाट तर मोटाररस्ता होणार होती, १९५४ साली सुप्रीम कोर्टाचे एक न्यायमूर्ती, विल्यम डग्लस, पत्रकारांना सोबत घेऊन कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले आणि तिथून वारं फिरलं. आपल्याकडे कोण चालणार?

निवांत_पायडल, कोथरूड
वा, सगळ्यांना धन्यवाद. बायकोने हातपंप आणि टॉयलेट वाचून होकार दिलाय. तंबू मात्र नको म्हणते. आता ठरतंय असं की गॅप पूर्ण करायचा आणि कंबरलँडला बघायचं, बूड काय म्हणतंय त्यावर कॅनॉल. पण मग कंबरलँडहून परत पिट्सबर्गला कसं यायचं? जावयाला गाडी घेऊन बोलवायला नको वाटतं.

पोटोमॅकचा_पाहुणा
अ‍ॅमट्रॅकची ट्रेन आहे, कंबरलँडला थांबते, वॉशिंग्टनहूनही तीच. सायकल न मोडता नेता येते पण सायकलची जागा वेगळी बुक करावी लागते आणि ती मोजकीच असते, तेव्हा स्वतःच्या तिकिटाबरोबरच करा. पिट्सबर्गला पोचायला मध्यरात्र होते, म्हणजे जावयाला उठवावं लागणारच. आणि गवतात बसून डबा खाऊ नका, तिकडे टिक्स म्हणजे गोचिडी असतात, त्यांच्या चाव्याने लाईम नावाचा आजार होऊ शकतो. रोज संध्याकाळी पायांच्या मागे, गुडघ्यामागे नीट बघून घ्या.